तीन वेळा नको

थांगसाहेबांची गाडी सकाळपासून चीनमधल्या ग्वेइचौच्या डोंगरात गोल गोल फिरत होती, आणि साहेबांचा एकच धोशा चालला होता, बाराच्या आत मुलीच्या घरी पोचायचं. मुलगा रुई बत्तीस वर्षांचा झाला होता. चार ठिकाणी जुळता जुळता मोडलं होतं. छिंगलानच्या वडिलांनी एकदाचं जेवायला बोलावलं होतं, आणि आज तिथे माती खाल्ली तर पोराचं लग्न झालंच म्हणून समजा.

दरीत शिरल्याबरोबर रुईचा फोन मुका झाला होता. नशीब, रस्ता दाखवायला तालुक्याच्या गावातून लोंग नावाचा माणूस सोबत घेतला होता.

"साहेब, मी आधीच सांगतो, मला या बाजूचं काही ठाऊक नाही," लोंग पुन्हा म्हणाला.

"बघ, बघ!" थांगसाहेब रुईच्या कानाशी लागले. "याला म्हणतात विनय. ज्याला खरं येतं ना, तोच असं बोलतो."

"अहो, पण तो तिसऱ्यांदा सांगतोय," बाईसाहेब मागच्या सीटवरून म्हणाल्या.

"म्हणजे फारच जाणकार असणार!"

गाव आलं. लोंगने एका बाईला विचारलं, "यांगांचं घर कुठलं?"

"कुठलंही बघा. सगळे यांगच आहेत इथे," असं म्हणून ती बदकं हाकत निघून गेली. लोंगने हताशपणे पहिल्याच घराकडे बोट दाखवलं.

ओट्यावर एक म्हातारा मका सोलत बसला होता. थांगसाहेबांनी दारूच्या दोन बाटल्या, चहाचा डबा आणि डुकराची अख्खी खारवलेली तंगडी त्याच्या पुढ्यात ठेवली.

"अहो, हे काय? नको, नको!" म्हातारा दचकून उठला.

"घ्या हो, अगदीच किरकोळ आहे."

"तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. मी नाही घेणार!"

थांगसाहेब खूश झाले. पहिलं नको रीतीचं, दुसरं मानाचं. तिसरं आलं की माणूस घेतो, असं ते लहानपणापासून बघत आले होते. त्यांनी तंगडी म्हाताऱ्याच्या कुशीतच कोंबली.

"बाबा," रुई कुजबुजला, "हे तिचे बाबा वाटत नाहीत. फोटोत टक्कल होतं."

"पाहुणे येणार म्हणून केसांचा टोप घातला असेल. गप बस!"

"अहो, मला मुलगीच नाही!" म्हातारा आता ओरडला.

थांगसाहेबांनी रुमालाने डोळे टिपले. "असं नका म्हणू. लग्न झालं तरी ती तुमचीच राहील. आमच्या घरी काही कमी पडणार नाही तिला."

म्हाताऱ्याने हात टेकले. एवढ्या लांबून येऊन हा माणूस डोळ्यांत पाणी आणतोय, तर आधी दोन घोट देऊ आणि मग विचारू, असं त्याने ठरवलं असावं. बाटली उघडली, पेले भरले. तेवढ्यात रुईने फोनमधला छिंगलानचा फोटो पुढे केला.

"ही होय! ही वरच्या आळीतल्या यांग मास्तरांची. तुम्ही त्यांच्याकडे आलात?"

"मी सकाळपासून हेच सांगतोय, मला काही ठाऊक नाही!" लोंग म्हणाला.

म्हाताऱ्याने भराभर सामान गोळा केलं. "घेऊन जा बाबांनो, तुमचं तुम्ही."

"नको, नको, राहू द्या," थांगसाहेबांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"बरं, राहू दे मग," म्हातारा म्हणाला आणि तंगडीसकट सगळं आत घेऊन गेला.

गाडीत बसताना थांगसाहेबांनी जाहीर केलं, "ही डोंगरातली माणसं बोलतात तेच त्यांच्या मनात असतं. आता माझ्या लक्षात आलं."

मास्तरांकडे पोचले तेव्हा दीड वाजला होता आणि हात रिकामे होते. "काही आणलं नाहीत ते बरं केलंत," टकलावरून हात फिरवत मास्तर म्हणाले. थांगसाहेबांनी विश्वासाने मान डोलावली. टेबलावर बारा पदार्थ मांडलेले होते. मास्तरांनी सुरुवात केली, "आमची पोरगी म्हणजे अगदीच सामान्य. स्वयंपाक येत नाही, बोलायची रीत नाही, हट्टी आहे. तुमच्या रुईच्या जोडीची नाहीच ती."

बाईसाहेबांनी टेबलाखालून नवऱ्याला लाथ मारली, पण उशीर झाला होता.

"पटलं मला," थांगसाहेब कळवळून म्हणाले. "आधीच खरं सांगितलंत, तुमचे उपकार आहेत."

स्वयंपाकघरात झारा पडल्याचा आवाज आला. मास्तरांचं टक्कल लालबुंद झालं.

"काय पटलं? काय पटलं तुम्हाला?" ते उठून उभे राहिले. "सबंध तालुक्यात पहिली आली होती माझी पोर! आई अंथरुणाला खिळली तेव्हा दोन वर्षं एकटीने घर ओढलं तिने. नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारात माझा चष्मा आणला! हे बारा पदार्थ कोणी केले, मी? खा! खा म्हणतो ना! तिच्यासारखी या डोंगरात दुसरी दाखवा. तुमच्याच घरात देतो तिला, मग कळेल तुम्हाला!"

थांगसाहेबांनी गोंधळून बायकोकडे बघितलं. "आता हे खरं धरायचं, की रीत म्हणून?"

"जेवा गुपचूप," बाईसाहेब म्हणाल्या.

दारात माशाची परात घेऊन छिंगलान उभी होती. सत्तावीस वर्षांत बापाच्या तोंडून यातला एकही शब्द तिने ऐकला नव्हता. रुईने तिच्या हातातली परात काढून घेतली, तेव्हा कुठे तिने डोळे पुसले.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "चष्म्याचं पुन्हा एकदा सांगा ना."