पानिपताची सिद्धता

भूमितीचं पुस्तक पोथीच्या चालीवर वाचणारा माणूस मी एकच पाहिला. डोमाजीकाका. प्रमेय संपलं की ते पुस्तक कपाळाला लावायचे, आणि समोर बिड्या वळणाऱ्या म्हाताऱ्या हातातलं काम ठेवून हात जोडायच्या.

गोंदियाजवळच्या आमच्या गावात बिडी कारखान्याची पडवी होती. एकाने वाचून दाखवायचं, बाकीच्यांनी वळायचं आणि वाचणाऱ्याची मजुरी बुडू नये म्हणून आपापल्या मूठभर बिड्या त्याच्या सुपात टाकायच्या, ही तिथली रीत. काका पूर्वी वर्तमानपत्र वाचत. हायस्कुलात जाणारे आम्ही तिघे शाळा सुटली की तिथेच वळायला बसायचो. घरी पुस्तक उघडायला सवड नव्हती. हे कळल्यावर काकांनी वर्तमानपत्र मिटलं. "पोरायचं मॅट्रिक हाय. जगाचं मंग पाहू."

"आकृती पाहा" आलं की काका तेंदूच्या पानाचा त्रिकोण कातरून सगळ्यांपुढे फिरवायचे. पान वाया गेलं म्हणून ठेकेदार कुरकुरायचा. पण भूमिती ऐकताना हात भराभर चालतात, हे त्याच्याही लक्षात आलं होतं. प्रमेयांतून लवकर सुटावं असं प्रत्येकालाच वाटे.

घोटाळा केला इतिहासाने. पानिपत सुरू झालं आणि सगळ्यांचे हात थांबले. म्हाताऱ्यांतली सोनाबाई तर पदराने डोळे पुसू लागली. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या तिने विचारलं, "आज तरी जिकतीन का गा?" ठेकेदाराने फर्मान काढलं, "हिस्ट्री बंद. हाथ रुकते हैं."

माझा धीर सुटला. इतिहासात मी आधीच कच्चा, आणि नापास झालास तर शाळा बंद, असं बापाने बजावलं होतं.

तिसऱ्या दिवशी ठेकेदार दारात उभा असतानाच काकांनी भूमितीची चाल लावली. "पक्ष : सैन्य उपाशी हाये. साध्य : मराठे हरतीन. सिद्धता..." ठेकेदार मान डोलावत निघून गेला. पुढची सगळी पेशवाई आम्ही अशीच सिद्ध केली. परीक्षेत मी पानिपताखाली "म्हणून हे सिद्ध झाले" असं लिहून आलो, तरी पास झालो.

पेढे घेऊन गेलो, तर काका म्हणाले, "हायस्कूल आतून कसं रायते गा?" मला वाटलं, थट्टा करताहेत. ते चौथीपलीकडे गेलेच नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

रविवारी शाळेच्या शिपायाला सांगून त्यांच्यासाठी वर्ग उघडून घेतला. काकांनी चपला बाहेर काढल्या आणि ते थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मी मास्तरांची खुर्ची दाखवली.

"थे मास्तराची हाय," ते म्हणाले. "मी तं तुमच्यासंगच शिकून राहिलो होतो. आता तुमी चालले. मले वाचाले कोन लावन?"

 मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.