कंटकरावांचा शेवटचा काटा आणि प्रमुख पाहुणे

एका जंगलात, मुलांनो, एक शाळा होती. शाळेला भिंती नव्हत्या, फळा नव्हता. घंटा होती, ती माकडांनी नेली. पण शाळेची पालकवार्ता मात्र होती. दर शनिवारी ती घरोघरी जायची. आणि जिची पालकवार्ता वेळेवर निघते ती शाळा चांगली, हे तुम्हाला मी कशाला सांगायला हवं?

ही पालकवार्ता कंटकराव लिहायचे. कंटकराव म्हणजे साळिंदर. शाळेचे कारकून. अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव त्याहून गोल. ते लिहायचे स्वतःच्याच काट्याने. मान मागे वळवायची, पाठीवरचा एक काटा उपटायचा, बिब्ब्याच्या काळ्या रसात बुडवायचा आणि पळसाच्या पानावर लिहायला बसायचं. बिब्ब्याचा रस फार तिखट. एक पान पुरं होईपर्यंत काट्याचं टोक जळून जायचं. म्हणून एका पानाला एक काटा, अशी रीत पडली होती.

कंटकराव खोटं कधी लिहीत नसत. ते फक्त नीट लिहीत.

रानडुकरांच्या पोरांनी शाळेचं अंगण उकरलं, तेव्हा त्यांनी लिहिलं, ‘इतिहास : प्रत्यक्ष उत्खनन.’ माकडांनी सगळ्यांचे डबे खाल्ले, तेव्हा लिहिलं, ‘सहभोजन उत्साहात.’ घुबडाची मुलगी सकाळपासून दुपारपर्यंत वर्गात झोपायची. तिच्या पानावर असायचं, ‘एकाग्रता वाखाणण्याजोगी.’ घुबडीण ते पान ढोलीच्या तोंडाशी लावून ठेवायची, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं.

पिल्लं घरी आली की शाळेतलं काहीबाही सांगायला बघायची. आई म्हणायची, थांब, शनिवारी वाचते.

सुरुवातीला पालकवार्तेत एकच सदर होतं, ‘काय शिकलो’. मग शिक्षणाधिकारी हत्तीसाहेबांचं परिपत्रक आलं, की ‘उपक्रम’ हे सदर वाढवावं. महिन्याभराने दुसरं आलं, की ‘मुलांचं मन’ हेही वाढवावं. मुलं आनंदात आहेत की नाहीत, हे आईवडिलांना कळलं पाहिजे. शिवाय प्रत्येक सदराला वेगळं पान हवं. एकाच पानावर सगळं लिहिलं तर साहेबांना ते पायाखाली दिसत नाही.

एका घरी एकाऐवजी तीन पानं जाऊ लागली.

मुलांचं मन जाणण्याचं काम मुख्याध्यापिका टिटवीबाईंनी अंगावर घेतलं. टिटवीबाई रात्री पाय वर करून झोपायच्या. आभाळ पडलंच तर शाळेवर पडू नये म्हणून. इतकी जबाबदारीची जाणीव. त्या दिवसातून सहा वेळा प्रत्येक पोरापुढे उभ्या राहायच्या आणि कर्कश आवाजात विचारायच्या, “आज मन कसं आहे?” कासवाच्या मुलाने पहिल्याच दिवशी मान आत घेतली ती शनिवारीच बाहेर काढली. कंटकरावांनी लिहिलं, ‘आत्मचिंतनात रमला.’

एवढ्यावर भागलं असतं. पण सशीण लंबकर्णीबाई शाळेत आल्या. त्यांची अकरा पिल्लं शाळेत होती. त्यांचं म्हणणं असं, की घराला एक पान दिलं तर दहा पिल्लांच्या मनावर परिणाम होईल. प्रत्येकाला वेगळं पान द्या. हे ऐकून बाकीच्या आयाही आल्या.

कंटकराव मान मागे वळवत राहिले.

घरी त्यांची बायको शलाकाबाई त्यांच्या पाठीकडे बघायची आणि उरलेले काटे मोजायची. एका संध्याकाळी मात्र ती बोललीच.

“अहो, एवढे काटे गेले. आता तुम्हाला साळिंदर कोण म्हणेल? घूस म्हणतील.”

कंटकराव म्हणाले, की काटे परत येतात. शलाकाबाई म्हणाली, की बिबट्याही येतो.

ते खरं होतं. शाळेला कुंपण नव्हतं. कंटकराव हेच कुंपण होते. फाटकाशी पाठ करून उभे राहायचे, शेपटी हलवायचे, काट्यांचा खळखळ आवाज व्हायचा आणि लांडगे, तरस, रानकुत्री सगळे वाट बदलायचे. त्या भरवशावरच तर घरोघरच्या आया पोरांना पाठवत होत्या. पण हे काम पालकवार्तेत कधी आलं नव्हतं. त्याला सदरच नव्हतं.

आणि यंदा ओढ्याच्या अलीकडे बिबट्याचे ठसे दिसले होते.

असं करता करता एक शनिवार उगवला. कंटकरावांच्या शेपटीजवळ एकच काटा उरला होता. पानही एकच उरलं होतं, लंबकर्णीबाईंच्या अकराव्या पिल्लाचं, ‘मुलांचं मन’. शेवटचा काटा घरी परत आणीन, असा शब्द त्यांनी शलाकाबाईला दिला होता. पण पान अपुरं ठेवणं त्यांच्या हाडात नव्हतं. त्यांनी काटा उपटला, रसात बुडवला आणि लिहिलं, ‘या आठवड्यात सगळी मुलं’.

पुढे ‘आनंदात बागडली’ असं लिहायचं होतं. नेहमीच असायचं.

तेवढ्यात फाटकात बिबट्या उभा राहिला.

कंटकराव सवयीने गर्रकन वळले, पाठ केली आणि शेपटी हलवली. आवाज आला नाही. वाऱ्यावर एक पान हललं तेवढंच.

बिबट्याने वाकून पाहिलं. “हे काय,” तो म्हणाला, “सोलून ठेवलंय?”

अंगणात चाळीस पोरं बसली होती. हातात काटा, फाटकात अनोळखी. अशा वेळी जे ते गेली कित्येक वर्षं करत आले होते, तेच त्यांच्या हातून झालं. ते पुन्हा वळले, पान पुढे ओढलं आणि अदबीने विचारलं, “आपलं शुभनाव?”

बिबट्या थबकला. आजवर त्याला पाहून लोक पळाले होते, झाडावर चढले होते, काही जागीच मेले होते. नाव कुणी विचारलं नव्हतं. त्याने मिशीवरून पंजा फिरवला.

“बिबटे.”

“कामाचं स्वरूप?”

बिबट्याने अंगणातल्या पोरांकडे पाहिलं. जरा विचार केला. “मुलांमध्ये मिसळायला आवडतं,” तो म्हणाला.

कंटकरावांनी पानाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं : ‘श्री. बिबटे, बालप्रेमी.’

वरच्या फांदीवरून टिटवीबाईंनी एवढंच पाहिलं, की फाटकात कुणाचं तरी नाव लिहून घेतलं जातंय. आता, मुलांनो, त्या शाळेत ज्याचं नाव लिहून घेतलं तो पाहुणा, आणि शनिवारी आला तर प्रमुख पाहुणा. टिटवीबाईंनी अख्खं रान डोक्यावर घेतलं. झेंडूचा एक हार सोमवारपासून तयारच असायचा, तो बिबट्याच्या गळ्यात पडला. मागून खोडाची खुर्ची आली. बिबट्या खाली बसला, तो का बसला हे त्यालाही कळलं नाही.

कार्यक्रम सुरू झाला.

आधी बेडकांचं स्वागतगीत. सात कडवी, प्रत्येक ओळ दोनदा. मग टिटवीबाईंचं प्रास्ताविक. त्यांनी शाळेच्या स्थापनेपासून सुरुवात केली, मग आठवलं म्हणून स्थापनेच्या आधीचं घेतलं. मग पाहुण्यांचा परिचय. कंटकरावांनी दोनच शब्द लिहून दिले होते, पण टिटवीबाईंना दोन शब्द पुष्कळ होतात. पाहुण्यांनी बालपणी कसे उपास काढले, कशी रानोमाळ पायपीट केली, हे ऐकताना बिबट्याचे डोळे पाणावले.

मग अहवालवाचन.

कंटकराव उभे राहिले. आवाज सरावाचा होता. त्यांनी वर्षभराची पालकवार्ता पहिल्या पानापासून वाचायला घेतली. तिसऱ्या पानावर त्यांनी सहज मान वर केली, तर शेवटची रांग रिकामी.

कोणत्याही कार्यक्रमात होतं तेच झालं होतं. आधी रानडुकराची पोरं पाणी प्यायला गेली. मग माकडं शेपटी धुवायला गेली. लंबकर्णीबाईंची पिल्लं एकेका उपक्रमामागे एकेक नाहीशी होत होती. घुबडाच्या मुलीला कुणीतरी झोपेतच उचलून नेलं. पोरं मागच्या करवंदीच्या जाळीतून निसटून घरी पळत होती.

कंटकरावांना सगळं उमगलं. एरवी ते भरभर वाचत. आता सावकाश वाचू लागले. त्यांनी तारखा वाचल्या, वार वाचले, तिथ्या वाचल्या. स्वल्पविरामसुद्धा वाचले.

बिबट्याच्या पोटात गुरगुरलं. त्याने टिटवीबाईंना हळूच विचारलं, की खाण्याचं काय.

“आभारप्रदर्शनानंतर अल्पोपाहार आहे,” टिटवीबाई म्हणाल्या.

बिबट्याने अल्पोपाहाराकडे पाहिलं. पुढच्या दोन रांगा अजून शिल्लक होत्या. तो चुळबुळला. पण एकदा गळ्यात हार पडला की आभाराआधी उठायचं नसतं, एवढी रीत बिबट्यालाही पाळावी लागते.

मग टिटवीबाईंनी त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. बिबट्या आयुष्यात प्रथमच बोलायला उभा राहिला, आणि मग बसेचना. आजकालच्या मुलांत पूर्वीसारखा दम राहिला नाही, असं त्याचं मत होतं. आमच्या लहानपणी मुलं कशी पळायची, तो म्हणाला, ओढ्यापर्यंत दमवायची. हे बोलताना त्याचे डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा समोर फक्त कासवाचा मुलगा होता.

तो ऐकत नव्हता. तो प्रास्ताविकालाच निघाला होता आणि आत्ता कुठे जाळीशी पोचला होता.

बिबट्याने जीभ फिरवली. कंटकरावांनी टिटवीबाईंकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एक सूचना केली.

“बाई, कुणाचे आभार राहायला नकोत.”

टिटवीबाई आभाराला उभ्या राहिल्या. त्यांनी बेडकांचे आभार मानले, झेंडूचे मानले, खोडाचे मानले. मग वर पाहून आभाळाचे मानले, की ते इतके दिवस पडलं नाही. मग ते न पडण्याची कारणं सांगितली. कासवाच्या मुलाचा एक पाय जाळीपलीकडे गेला. मग दुसरा. टिटवीबाईंनी पावसाचे आणि त्यामागून ढगांचे आभार मानले. तिसरा पाय गेला. चौथा गेला. शेवटी इवलीशी शेपटी गेली.

बिबट्या ताडकन उठला. सगळे पाहुणे म्हणतात तेच तो म्हणाला, की मला पुढे आणखी एका ठिकाणी कार्यक्रम आहे. टिटवीबाईंनी दिलेला सत्काराचा नारळ त्याने दातात धरला. कंटकरावांकडे त्याने एकदा भुकेल्या नजरेने पाहिलं, पण ज्याने आपलं नाव लिहिलंय त्याला खाणं त्याला बरं दिसेना. फाटकातून तो परत वळला, नारळ खाली ठेवला आणि म्हणाला, “पान निघालं की एक माझ्याकडे पाठवा. नावात चूक नको.”

कंटकराव मटकन खाली बसले. पान पुढे ओढलं. ‘या आठवड्यात सगळी मुलं’ एवढंच लिहिलेलं होतं. काट्याला जेमतेम टोक उरलं होतं.

त्यांनी लिहिलं, ‘घरी पोचली.’

टोक जळून गेलं.

सोमवारी सकाळी लंबकर्णीबाई पानं घेऊन आल्या. त्या फार दुखावल्या होत्या. दहा पानांवर दहा पिल्लं आनंदात बागडली आणि अकरावं नुसतं घरी पोचलं, हा काय प्रकार आहे? “धाकट्याच्याच वाट्याला असं कोरडं का हो, कंटकराव? घरी पोचला ते आम्हाला दिसतंच की.”

कंटकरावांनी माफी मागितली.

दुपारी हत्तीसाहेबांचं परिपत्रक आलं. आपल्या शाळेचा पाहुण्यांचा उपक्रम स्तुत्य आहे. यापुढे प्रत्येक शाळेने दरमहा एक बिबट्या बोलवावा. पालकवार्तेत ‘पाहुण्यांचा परिचय’ हे सदर वाढवावं. वेगळ्या पानावर.

कंटकरावांनी सवयीने मान मागे वळवली. पाठीवर एक कोवळा, पांढरा, बोटाएवढा काटा उगवला होता. ते त्याला हात लावणार, तोच त्यांना दिसलं, की त्यांच्या पाठीशी शलाकाबाई उभी आहे. तिचे सगळे काटे जागच्या जागी होते, आणि सगळे उभे होते.

तात्पर्य : मुलांनो, संकट दारात आलं तर पळू नका, काटे उगारू नका. त्याला हार घाला आणि अहवाल वाचायला घ्या. आणि कार्यक्रम रंगात आला, की मागच्या बाजूने गुपचूप घरी जा. शाळेत शिकण्यासारखं तेवढंच असतं, आणि ते पालकवार्तेत छापून येत नाही.