चाचांचं परहेज

उस्मानचाचांनी एखाद्याला "आता काय पायजे ते खा" असं सांगितलं, की जुन्नरच्या आमच्या आळीत लोक त्या माणसाशी एकदम गोड बोलायला लागतात.

चाचा हकीम. त्यांच्या दुकानाला लागून माझं मेडिकल. मधे एकच भिंत, तिच्यातून त्यांच्या खलबत्त्याचा आवाज दिवसभर येतो. तो थांबला की समजायचं, पलीकडे कुणाची तरी नाडी धरली आहे. मग का कोण जाणे, माझाही हात थांबतो.

माझ्याकडे माणूस चिठ्ठी पुढे करतो, मी पाकीट देतो, दोन मिनिटांत काम संपतं. चाचा तासभर घेतात. झोप कशी लागते, घाम कुठे येतो, भावाशी बोलणं आहे का, सगळं विचारतात. मग मनगट धरून डोळे मिटतात. शेवटी थोडी पूड आणि भलंमोठं परहेज, म्हणजे पथ्य. वांगं बंद, मुळा बंद, शिळं बंद, बायकोवर ओरडणं बंद. "आन् शेजारच्या गोळ्या सोडायच्या न्हाईत," हेही बजावतात. डॉक्टरचं काम डॉक्टरला करू द्यावं, असं त्यांचं मत.

आता ते 'खा'चं प्रकरण. नारायणगावचे एक बागायतदार साखरेच्या दुखण्यासाठी यायचे. चाचांनी त्यांना कित्येक वर्षं स्वतःच्या बागेतलं द्राक्ष तोंडात घालू दिलं नव्हतं. एकदा चाचांनी नाडी धरली ती बराच वेळ सोडलीच नाही. मग म्हणाले, "द्राक्षं खा, पावणं. लई खा." पावणे खुशीत आळीभर पेढे वाटून गेले. पंधरवड्यात त्यांच्या दहाव्याचा निरोप आला. मी योगायोग म्हटलं. पुढे पेठच्या एका मास्तरीणबाईंना लोणच्याची परवानगी मिळाली. मग आणखी एकाला भज्यांची. त्यानंतर योगायोग हा शब्द मी मोठ्याने उच्चारायचं सोडून दिलं.

तेव्हापासून लोक पथ्य मागून घेतात. "चाचा, निदान दही तरी बंद करा की राव," अशी काकुळती मी भिंतीपलीकडून ऐकली आहे. यादी लांबलचक मिळाली की माणूस हसत बाहेर पडतो. मी फार्मसी शिकलेला, असल्या गोष्टींना हसणारा. पण गेल्या वर्षी पित्ताने हैराण होऊन मीही चाचांपुढे हात केला. त्यांची बोटं थंडगार होती. दुकानात इतकी शांतता की माझी नाडी मलाच ऐकू येऊ लागली. चाचा मनगट सोडेनात. मला उगाच घरच्यांची तोंडं आठवली.

"चहा बंद," चाचा म्हणाले. त्यांचे पाय धरायचंच काय ते बाकी होतं.

या उन्हाळ्यात चाची आजारी पडल्या. जावयाने पुण्याला नेऊन सगळ्या तपासण्या केल्या. फाईल इंग्रजीत, म्हणून चाचा ती घेऊन माझ्या काउंटरपाशी आले. वाचता वाचता माझा आवाज उतरत गेला. औषध म्हणून फक्त दुखणं दाबायच्या गोळ्या होत्या. शेवटची ओळ खाण्याची होती: पथ्य नाही, आवडेल ते द्यावं. ती मी वाचायला नको होती.

चाचांनी फाईल मिटली. "त्यास्नी काय कळतंय? मशिनीवर बघत्यात. तिला आंबट चालत न्हाई."

"तुम्ही नाडी बघितली?"

"न्हाई धरली," ते म्हणाले. "धरणार बी न्हाई."

अख्ख्या तालुक्याची मनगटं धरणारा हा माणूस घरातल्या एका मनगटाला घाबरत होता. मला त्यांची फार दया आली.

परवा दुपारी गोळ्या द्यायला त्यांच्या घरी गेलो. चाची निम्म्या झाल्या होत्या. चाचा उशाशी बसलेले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

"कैरी खाऊ का थोडी?" चाचींनी विचारलं.

"कैरी बंद."

"मग वांग्याचं भरीत?"

"बंद म्हणलं ना. वरीसभर बंद." चाचांच्या आवाजाला एकदम धार आली. ते उठून पाणी आणायला आत गेले.

मी चाचींकडे वाकून म्हणालो, "गुपचूप पाठवून देऊ का कैरी? डॉक्टरांची ना नाही."

"नको भाऊ," चाची म्हणाल्या. "मला घोटभर पाणी बी उतरत न्हाई. मी आपली रोज मागती. 'बंद' म्हणलं की त्यास्नी दोन घास जात्यात."