साखरेबाई हयात आहेत

विमल साखरे यांच्यावर अन्याय झाला तो गेल्या चैत्रात, जत्रेच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी. आमच्या गावच्या नाट्यमंडळाला पन्नास वर्षं झाल्याचा कार्यक्रम होता. स्टेजवर हार घातलेले सहा फोटो मांडले होते. दिवंगत कलाकारांना दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहूया, असं माइकवरून सांगितलं गेलं आणि अख्खा मांडव उभा राहिला. सहावा फोटो साखरेबाईंचा होता. बायकांच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत, साखरेबाईही उभ्या राहिल्या. हात जोडून, मान खाली घालून.

लोक बसले तरी त्या बसल्या नाहीत. मान वर करून म्हणाल्या, "दोन मिनिटं म्हणालात आणि पन्नास सेकंदांत बसलात. मेलेल्या माणसाला तरी पुरता वेळ द्या."

आवाज न ओरडता मागच्या जनरेटरपर्यंत गेला. पाठीमागून एक म्हातारा म्हणाला, "आयला, ही तर साखरेबाई." मग स्टेजवरून पुढचा कार्यक्रम जाहीर झाला: पुरुष कलाकारांचा सत्कार.

तो फोटो मी लावला होता. आधीच सांगून टाकते, कारण दुसऱ्यांच्या चुकांवर पत्रकं काढण्यात माझी तीन वर्षं गेली आहेत. बंद केलेली एसटीची फेरी, आटगाव स्टेशनवरचा कोरडा नळ, मनाला येईल तेव्हा उघडणारं रेशनचं दुकान. स्वतःच्या चुकीवर पत्रक काढायची ही पहिलीच वेळ. मंडळाचे अध्यक्ष माझे बाबा. त्यांनी कलाकारांची नावं दिली, फोटो मी शोधले. बाईंचा फोटो मोबाइलवर सापडला तोच मुळात हार घातलेला. मी मंडळाच्या सेक्रेटरींना विचारलं, "बाई गेल्या काय?" ते म्हणाले, "हार दिसतोय ना गो? मग." मी कार्यक्रमाच्या पत्रकात 'दिवंगत' या शब्दाखाली बाईंचं नाव टाकलं आणि ती पत्रकं मुरबाड आणि शहापूर, दोन्ही तालुक्यांत वाटली.

पुढं मी बाईंना विचारलं, "पत्रकात तुम्ही गेलात असं छापलेलं होतं, तरी आलात कशा?"

"तळाशी छापलं होतं ना, हेच आग्रहाचं निमंत्रण समजावं. मी समजले."

त्या हाराचा खुलासा करायला हवा. एका मालिकेत नायकाच्या वारलेल्या पहिल्या बायकोचं काम बाईंना मिळालं. काम म्हणजे फोटो. एका दुपारी काढला, हार घातला, भिंतीवर टांगला आणि मालिका आठ वर्षं चालली. "आठ वर्षं मी त्या घरात होते," बाई सांगतात. "हलले नाही." जुने भाग लागले की त्या शेजारणीला घेऊन बसतात आणि दाखवतात. "ही बघा, दुसरी बायको आली. इथं मी रागावलेय. आता मुलगा नमस्कार करतोय, इथं मी विरघळलेय." फोटो तोच. त्यांचं म्हणणं, बघणाऱ्याला अक्कल असेल तर अभिनय दिसतो.

सिनेमातही त्या आहेत. म्हणजे त्यांचा हात आहे. नायक वाट चुकतो आणि एक बाई त्याला विहिरीची वाट दाखवते. पडद्यावर कोपरापासून खालचा हात येतो, बांगड्यांसकट. बाईंच्या मते सगळा सिनेमा त्या हातावर उभा आहे. हात नसता तर नायक तहानेनं तिथंच पडला असता.

पण त्यांची खरी कमाई आमच्या भागात आहे. आमच्याकडे जत्रेला गावचे लोक स्वतः नाटक करतात. भाताची कापणी उरकली की तालमी सुरू होतात, त्या पुरुषांच्याच. गावातली बाई स्टेजवर चढवायची नाही, हा नियम कुठं लिहिलेला नाही, म्हणून तो खोडताही येत नाही. मग नायिका कल्याणहून आणायची. ती नाटकाच्या दिवशी दुपारच्या एसटीनं येणार, चहा घेता घेता नायक कोण ते बघून घेणार आणि पडदा वर गेला की त्याची बायको होणार. साखरेबाईंनी हे सत्तावीस वर्षं केलं. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतले कितीतरी सरपंच, मास्तर आणि गिरणीवाले कधी ना कधी त्यांचे नवरे होऊन गेले. माझे बाबा अकरा वेळा.

बाईंना दोन्ही बाजूंची वाक्यं पाठ असायची. एका वर्षी बाबा दुसऱ्या अंकात साफ कोरे झाले. विंगेतून सांगणारा दम्यानं खोकत होता. बाई पुढं आल्या आणि म्हणाल्या, "धनी, बोलू नका. तुमच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे." आणि बाबांचं अर्धं पान त्यांनी स्वतःच म्हणून टाकलं. बाबा नुसती मान हलवत राहिले. टाळ्या बाबांना पडल्या. गावात अजून सांगतात, काय गप्प बसायचा अध्यक्ष.

आई म्हणते, "घरी पन तसंच. त्यांच्या मनातलं मीच बोलतंय वीस वरसं. मला नाय कोन टाळ्या देत."

कल्याणची खोली सुटल्यावर बाई किन्हवलीला राहायला आल्या. भाऊ-भाचे सगळे ठाण्याच्या पलीकडे, मग इकडे कशा, असं विचारलं तर सांगतात, "माझी माणसं इकडची." याला सहा वर्षं झाली. त्या माणसांपैकी एकही त्यांच्याकडे कपभर चहाला गेलेलं नाही. घरच्या बायकांना आवडणार नाही, असं पुरुष सांगतात. बायकांना कुणी विचारलेलं नाही. मी माझ्या आईला विचारलं. ती म्हणाली, "मला काय झालंय? मी पन गेली आसती. त्यांना काय म्हनून हाक मारायची ते कलत नाय, म्हनून नाय गेली."

बाईंच्या सवयी किन्हवलीला आता माहीत झाल्यात. त्या कुणाकडे पाठ करत नाहीत. दुकानातून निघताना उलट्या पावली निघतात आणि वाटेतल्या बादलीला अडखळतात. आपलं बोलून झालं की गप्प राहून समोरच्याकडे बघतात, आणि तो बोलला नाही तर हळूच म्हणतात, "वाक्य घ्या." भाजीवाल्यालाही. पंधरा ऑगस्टला सरपंच अडखळले, तर तिसऱ्या रांगेतून बाईंनी पुढचा शब्द पुरवला आणि सरपंचांनी तो घेतला. कुणाची चूक म्हणून त्या सोडत नाहीत. मी एकदा 'नाय' म्हणाले तर माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू माझ्या हातून काहीतरी फुटलं. "'नाही'तला 'ह' कुठं ठेवून आलीस, मुली? जा, घेऊन ये."

यात हसण्यासारखं पुष्कळ आहे आणि मीही हसले. आता न हसण्यासारखं सांगते.

दिवाळी झाली की बाईंचा फोन वाजायचा. नायिकेच्या कामासाठी वय राहिलं नव्हतं, पण कुणाला नाटकात आई लागायची, कुठल्या शाळेला गॅदरिंग बसवायला माणूस. फोनवर एकच प्रश्न असायचा, "बाई, तारीख आहे का?" बाई म्हणायच्या, "बघावं लागेल," आणि कॅलेंडरसमोर उभ्या राहून कोऱ्या चौकोनांकडे पुरेसा वेळ बघायच्या. मग हो म्हणायच्या. या वर्षी फोन वाजला नाही. वाजणार कसा? बाई वारल्या हे मी चाळीस गावांत छापून पोचवलं होतं.

बाईंनी मंडळाला अर्ज दिला. वळणदार अक्षरात दोन ओळी. 'मी हयात आहे. येत्या जत्रेत स्टेजवरून तसे जाहीर करावे.' शाल मागितली नाही, नारळ मागितला नाही, माफीसुद्धा नाही.

मंडळाची बैठक झाली. मी हजर होते, कारण इतिवृत्त मीच लिहिते. सेक्रेटरी म्हणाले, "आता जाहीर केला तर फोटो उतरवावा लागंल. फ्रेमखाली देनगीदाराचा नाव रंगवलाय."

दुसरे म्हणाले, "मांडवात बघितला ना सगल्यांनी, जित्त्या हायेत त्या. आनि काय जाहीर करायचा?"

मी म्हणाले, "मांडवात तीनशे माणसं होती. पत्रकं दोन तालुक्यांत गेली."

सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबा पाण्याच्या तांब्याकडे बघत म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

इतिवृत्तात मी लिहिलं: विषय तहकूब.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरळगावला गाडी बदलून मी किन्हवलीला गेले. बाईंची खोली भाताच्या गिरणीच्या मागं आहे. वीज गेल्यानं गिरणी बंद होती, त्यामुळे आतला आवाज बाहेर स्वच्छ येत होता. गिरणीतली बाई पायरीवर बसली होती. मला म्हणाली, "थांब जरा. त्यांचा चाललाय. संपला की टाली वाजव, मग उघडतील. नुसती कडी वाजवली तर नाय उघडत."

"कोण आहे आत?"

"कोन नाय गो. त्याच."

मी दाराशी उभी राहिले. आतून बाई म्हणाल्या, "धनी, इतका उशीर?" आणि थांबल्या. चांगल्या थांबल्या, एक माणूस सावकाश बोलून संपवेल इतका वेळ. मग म्हणाल्या, "हातपाय धुऊन घ्या, पान वाढते." पुन्हा तेवढंच थांबल्या. बाईंना दोन्ही बाजूंची वाक्यं पाठ आहेत हे सगळा तालुका जाणतो. स्टेजवर नवऱ्याचं अर्धं पान ज्यांनी बिनदिक्कत म्हणून टाकलं, त्याच बाई घरात एकट्या असताना त्याचं एकही वाक्य म्हणत नव्हत्या. जागा मोकळी सोडत होत्या.

सीन संपला. मी टाळी वाजवायला हात उचलले, तेवढ्यात बाईंनी तोच सीन पुन्हा सुरू केला. "धनी, इतका उशीर?"

त्यावरचं नवऱ्याचं वाक्य मला ठाऊक होतं. लहानपणी बाबा गोठ्यात धार काढताना ते म्हशीला ऐकवत असत. मी दाराबाहेरून म्हणाले, "उशीर माझा नाही, रमा. वाट लांब होती."

 गिरणीतल्या बाईनं माझ्याकडे वळून बघितलं. मग आतून आवाज आला, पहिल्यापेक्षा खालचा, "हातपाय धुऊन घ्या. पान वाढते."

कडी निघाली. बाईंचे डोळे कोरडे होते, केस विंचरलेले, कपाळाला टिकली. मी माफीचं वाक्य एसटीत पाठ करून गेले होते, ते सगळं म्हटलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मध्ये एकही शब्द पुरवला नाही. चहा केला. फळीवरून दोन कप काढले. एकाचा कान वापरून झिजलेला होता. दुसरा नवा कोरा, त्याच्या बुडाला अजून दुकानाची चिठ्ठी चिकटलेली. नवा मला दिला.

निघताना मी म्हणाले, "आमच्याकडे चला. आई बोलावतेय."

"नाय गो," बाई म्हणाल्या. "आधी कोनी इकडं येऊ दे."

'ह' त्यांनीही कुठंतरी ठेवला होता. त्या दाराशीच उभ्या राहिल्या आणि या खेपेला उलट्या पावली मी निघाले.

घरी येऊन हे सगळं मी लिहिलं आणि बाबांना वाचायला दिलं. बाबांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. "छापू नको," म्हणाले. मग कागद परत देता देता एका ओळीवर बोट ठेवलं. "आनि हे चुकलाय. 'वाट लांब होती' नाय. 'वाट लांब निघाली' आहे ते."

म्हणजे बाबांना वाक्य अजून येत होतं. सगळी वर्षं येत होतं.

आणि बाईंनाही ते चुकलेलं कळलं होतंच. भाजीवाल्याची चूक न सोडणाऱ्या, सरपंचांची न सोडणाऱ्या, माझ्या एका 'नाय'वर घायाळ होणाऱ्या साखरेबाईंनी ती चूक ऐकली आणि काही न बोलता पान वाढायला घेतलं.

म्हणून बाबांचं न ऐकता हे छापते आहे. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत जे जे कोणी कधी साखरेबाईंचे नवरे, दीर, सासरे किंवा खलनायक होते, त्यांनी आणि खुर्ची धरून ज्यांनी ते पाहिलं त्यांनीही हे नीट वाचावं. जत्रेच्या मांडवात त्या हयात असल्याचं जाहीर करणं मंडळाचं काम आहे, आणि ते मी करून घेईन. तुमचं काम वेगळं आहे. किन्हवलीला उतरा. गिरणीच्या मागं जा. आतून प्रश्न ऐकू आला की उत्तर द्या. वाक्य विसरला असाल तर चुकीचं म्हणा. पण म्हणा.