सुमनमावशींच्या गेममधल्या सोयरिकी

आमच्या शेजारच्या सुमनमावशींनी एकदा दुपारी मला हाक मारून घरात बोलावलं, टॅब पुढं धरला आणि पडद्यावरच्या एका दाढीवाल्या लोहाराकडं बोट दाखवून विचारलं, "ह्याला पोरगी द्यावी का?"

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. पण त्यांचा चेहरा गंभीर होता.

"कामाला चांगला हाय. घर सोताचं हाय. पण रोज सांजच्याला खानावळीत बसलेला असतो. हातात ग्लास असतो. त्या ग्लासात काय हाय ते दिसंना."

सुमनमावशी सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. नोकरीची बरीच वर्षं ईट गावात काढली आणि रिटायर झाल्यावर कळंबला आमच्या शेजारी घर बांधलं. यजमान आधीच गेलेले, मूलबाळ नाही. स्थळं जमवणं हा त्यांचा छंद. ज्या बायकांची बाळंतपणं त्यांनी केली, त्यांची पोरं लग्नाला आली तशा त्या बायका आपसूक मावशींकडं यायला लागल्या. कुणाचा कोण मामा, कुणाची जमीन कुठल्या शिवारात, कुठलं पोरगं पुण्यात खरंच नोकरी करतं आणि कुठलं नुसतंच राहतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. बदल्यात कुणाकडून साडीसुद्धा घेत नाहीत. अट एकच. पोरगा आणि पोरगी, दोघांना वेगवेगळं बसवून त्या विचारणार, "मनानं हाय का?" त्या वेळी आई-बाप बाहेर. उत्तर द्यायला कुणी फार वेळ लावला, की ती सोयरीक तिथंच थांबते.

टॅबवरचा गेम माझ्या धाकट्या भावानं, अमोलनं, घालून दिला होता. अमोल पुण्यात गेम बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. तयार झालेला गेम खेळून त्यातल्या चुका काढायच्या, हे त्याचं काम. खेळायचा पगार मिळतो हे आईला अजून पटलेलं नाही. ती लोकांना 'कॉम्प्युटरमधे हाय' एवढंच सांगते. मावशींचे गुडघे धरले, एसटीनं गावोगाव फिरणं बंद झालं, तेव्हा त्यानं त्यांना हा गेम दिला. त्यात समुद्राकाठचं एक लहानसं गाव आहे. तिथली माणसं आपण सांभाळायची आणि जत्रेत कुणाला कुणाशेजारी बसवायचं ते ठरवायचं. दोघांचं जमायला लागलं की डोक्यावरचा पत्त्यांतल्यासारखा लाल बदाम हळूहळू भरत जातो. पूर्ण भरला की लग्न.

मावशींना आणखी काय पाहिजे होतं?

त्यांनी ते गाव आपल्या पद्धतीनं चालवायला घेतलं. तिथला डॉक्टर त्यांच्या मनात भरला होता, पण "आई-बाप कुठं दिसत न्हाईत, चौकशी कुणाकडं करावी," म्हणून त्याला कितीतरी दिवस तसाच ठेवला. कोळ्याच्या मुलीच्या लग्नात मानपान काहीच झाला नाही, म्हणून दोन दिवस गेमवर रुसल्या. भाजीला निघाल्या तरी वाटेत थांबवून सांगायच्या, "दिलीप, लोहाराचं जमलं बघ." एकदा हे ऐकून आमच्या गल्लीतल्या खऱ्या लोहाराची बायको पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली. तिची समजूत काढायला मला बराच वेळ लागला.

मग एकदा त्यांनी माझ्यासमोरच अमोलला फोन लावला.

"अमोल, गेम बिघडला."

"काय झालं मावशी?"

"तो पाववाला. त्याला दर जत्रेला शाळंतल्या बाईशेजारी बसवते. बदाम भरंना. आन् त्या होड्या करणाऱ्या सुताराशेजारी चुकून बसला, की लगेच भरतो. बाप्याला बाप्या."

"बिघडला नाही मावशी. तसाच बनवलाय. त्या दोघांचं लग्न लागू शकतं."

"गावाला चालतं?"

"त्या गावाला चालतं."

मावशी पडद्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता टॅब कपाटात जाणार. त्या म्हणाल्या, "मग आधी सांगायचं व्हतं. ती बाई बिचारी उगंच बसून राहिली की."

दुसऱ्या दिवशी पाववाल्याचं आणि सुताराचं लग्न लागलं. शाळेतल्या बाईंना मावशींनी डॉक्टर दिला. चौकशी न करता.

दिवाळीत अमोल घरी आला. सकाळी आमच्या गच्चीवर ऊन छान असतं, म्हणून मावशी गुडघ्यांना तेल लावून तिथं येऊन बसायच्या. अमोल फोनवर दुसराच एक गेम खेळत होता, बंदुकांचा. त्यात कुठली कुठली अनोळखी पोरं एका गटात येतात आणि खेळताना एकमेकांशी बोलतात. अमोलच्या खेळाडूच्या जाकिटावर इंद्रधनुष्याच्या रंगांची बारीक पट्टी होती. पुरुषावर प्रेम करणारे पुरुष, बाईवर प्रेम करणाऱ्या बाया, अशांच्या बाजूचे आहोत हे दाखवायला लोक ती लावतात, हे मला नंतर कळलं. गटातल्या पोरांना मात्र ते चांगलं ठाऊक होतं.

"ए बायल्या, पट्टी काढ आधी," फोनमधून एक आवाज आला. पाठोपाठ आणखी बरंच काही आलं, ते इथं लिहीत नाही. अमोल खेळत राहिला. त्याला सवय असावी, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं.

"आण इकडं," मावशी म्हणाल्या आणि फोन तोंडाजवळ धरला. "कोण बोलतंय? आडनाव काय तुझं?"

पलीकडं कुणीतरी खोकलं.

"मी कळंबची सुमन सिस्टर. बोलण्यावरनं तू बार्शीकडचा वाटतुस. लग्न झालंय?"

"न्हाय," आवाज बारीक झाला होता.

"बघायलेत का?"

"व्हय, बघायलेत."

"मी स्थळं जमवते. तुझं माझ्याकडं आलं, तर हा आवाज माझ्या ध्यानात राहील. पोरीच्या आईला काय सांगू?"

"सॉरी काकू," तो म्हणाला आणि गेममधून निघून गेला. त्याच्या मागोमाग बाकीचेही गेले. बंदूक घेऊन अमोलचा खेळाडू मोकळ्या मैदानात एकटाच उभा राहिला. आम्ही दोघं हसायला लागलो, पण मावशी हसत नव्हत्या. फोन परत देताना त्यांनी हळूच विचारलं, "ती पट्टी तूच लावलीस?"

"हो मावशी."

"बरं," म्हणून त्या पुन्हा गुडघा चोळायला लागल्या.

हिवाळ्यात ईटचं एक स्थळ आलं. मुलगी फार्मसी शिकलेली, घर मावशींच्या चांगल्या ओळखीचं. आईनं मनातल्या मनात मांडव घातला. अमोल आधी टाळत होता, मग एके दिवशी अचानक "बघू" म्हणाला. आईचा आनंद मावेना. आता फक्त मावशींनी नेहमीप्रमाणे विचारायचं तेवढं राहिलं होतं.

मावशींनी त्याला आपल्या घरात नेऊन विचारलं. आत काय झालं ते अमोलनं मला नंतर सांगितलं.

"मनानं हाय का?"

"आईसाठी करतो मावशी."

"आईसाठी गोळ्या आणत्यात, लग्न करत न्हाईत."

मग त्या आमच्या घरी आल्या. "विमल, हे स्थळ मी करणार न्हाय."

"का? माझ्या पोरात काय खोट हाय, सुमनताई?"

"पोरात खोट न्हाय. पण मला त्या पोरीचंबी बघाया लागतं. बाकीचं तो सांगंल तवा सांगंल. तोवर विचारू नको."

आईनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. आमच्याकडून जाणारी भाजीची वाटी बंद झाली. मावशी दारात दिसल्या की आई आत जायची. तरी मावशींनी एका शब्दानं काही सांगितलं नाही. ना आईला, ना मला.

उन्हाळ्याच्या तोंडाला अमोल आला आणि त्यानं स्वतःच आईला सांगितलं. मी तिथंच होतो. आई मेथी निवडत होती. सगळं ऐकेपर्यंत तिचे हात थांबले नाहीत. मग तिनं विचारलं, "पुण्याला गेल्यानं झालं का असं?"

"नाही आई. इथं शाळेत होतो तेव्हापासून."

"जेवून घे," आई म्हणाली.

ती रडली, पण तो गेल्यावर. आजही तिला सगळं समजलंय असं मी म्हणणार नाही. देवाला काय काय बोलून ठेवलंय ते तिचं तिला माहीत. पण लग्नाचा विषय तिनं बंद केला. अलीकडं फोनवर "जेवलास का" विचारून झाल्यावर जरा घुटमळते आणि म्हणते, "कुणी हाय का रे सोबतीला?" अमोल अजून तरी नाही म्हणतो.

एका दुपारी आईनं वाटीत शेंगदाण्याची चटणी घेतली आणि मला म्हणाली, "चल रे जरा." आम्ही मावशींकडं गेलो. वाटी ओट्यावर ठेवून आई मावशींजवळ बसली.

"तुमाला कसं कळलं, सुमनताई? मी आई असून मला कळलं न्हाय."

मावशींनी टॅब बंद करून बाजूला ठेवला.

"आमचे हे तसेच व्हते, विमल. लई भला माणूस. कधी आवाज चढवला न्हाय, कधी हात उगारला न्हाय. माझी रात्रपाळी असली की डबा करून द्यायचे. पण एका घरात दोन भाडेकरू राहावं तसे राहिलो आमी. मला वाटायचं, माझ्यातच कायतरी कमी हाय. समजलं तवा केस पिकले व्हते."

आईनं मावशींच्या हातावर हात ठेवला.

"ढोकीचे एक हमीदभाई व्हते, कारखान्यात फिटर. ह्यांचे दोस्त. मी लई वर्षं त्यांच्यावर राग धरला. हे शेवटच्या दुखण्यात पडले तवा ते आले आन् फाटकाशी सायकल धरून उभे राहिले. आत येईनात. मीच गेले न् आत घेऊन आले. खाटंजवळ खुर्ची ठेवली, बसा म्हणलं. ह्यांनी डोळे उघडले, त्यांच्याकडं बघितलं. तसं माझ्याकडं त्यांनी कधी बघितलं नव्हतं."

मावशींनी पदरानं चष्मा पुसला.

"चहा ठेवते म्हणून मी आत गेले. आन् चहाला लई वेळ लावला."