नव्या पेठेतली अठरा दारं

"लिहा मास्तर," संपतराव म्हणाले. "कयाधूच्या काठापासून पैनगंगेच्या पात्रापर्यंत ज्याच्या नुसत्या नावानं चोरांना उचकी लागते, ज्याची नजर भिंतीतून आरपार जाते आणि ज्याची बुद्धी त्या नजरेच्याही आधी पोचलेली असते, असा निजामी मुलखातला एकमेव गुप्तशोधक म्हणजे संपतराव. लिहिलं?"

"लिहिलं. पण नजरेच्या आधी बुद्धी पोचली, तर तिला तिथं दिसतं काय?"

"तुम्ही वाचनालयात फार बसता, मास्तर."

हे खरं होतं. हिंगोलीच्या वाचनालयाच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या, आणि तिथली सगळी पुस्तकं संपल्यामुळे मी ती दुसऱ्यांदा वाचत होतो. शब्दकोशाची बारीक अक्षरं लावायला माझ्याकडे एक भिंग होतं. संपतरावांना ते तपासाला लागे. भिंग मी कुणाला एकटं देत नाही, म्हणून भिंगाबरोबर मीही जात असे. आम्हा दोघांपैकी भिंग जास्त उपयोगी, याबद्दल संपतरावांचं आणि माझं एकमत होतं.

ही हकिकत लढाई सुरू व्हायच्या आधल्या वर्षाची. स्टेशनापलीकडे रखमाजी पाटलांचं रान होतं. त्यात ज्वारी यायची. पुढं रखमाजींच्या लक्षात आलं की ज्वारीपेक्षा प्लॉट लवकर पिकतात, आणि त्यांना राखणही लागत नाही. त्यांनी रानाचे तुकडे पाडले, त्यावर हळदीची गोदामं उठली, त्यांत एक त्यांचंही, आणि त्या वस्तीचं नाव नवी पेठ पडलं. अडचण एकच झाली. गाव रुळांच्या अलीकडे आणि पेठ पलीकडे. हळदीच्या दिवसांत रुळांवर बैलगाड्यांची अशी दाटी व्हायची, की पूर्णेची गाडी बाहेरच उभी राहून शिट्ट्या मारायची आणि ड्रायव्हर उतरून विडी ओढायचा. फाटक नव्हतं. फाटकाच्या जागी ग्यानबा नावाचा झेंडीवाला होता. तो दोन्ही हात पसरून ओरडायचा आणि गाडीवाले त्याच्या काखेखालून बैल काढायचे.

रेल्वे म्हणाली, फाटक बसवू, खर्च गावानं द्यावा. गाव म्हणालं, गाड्या पेठेच्या, खर्च पेठेनं द्यावा. पेठ म्हणाली, रूळ रेल्वेचे, आम्ही का द्यावा. शेवटी तहसीलदारसाहेबांनी हुकूम काढला. जो नवं बांधील, तो फाटकपट्टी देईल. बैलगाडी आत जाईल एवढं दार ज्या गोदामाला असेल, त्याला दारामागं वीस रुपये हाली, म्हणजे निजामी शिक्क्याचे. दारं मोजायला साहेब स्वतः येणार.

"गाड्या बैल वढतेत साहेब, दार थोडंच वढतं?" रखमाजींनी कचेरीत जाऊन विचारलं.

"बैलानं गोदाम बांधलं, तर त्याच्याकडूनही घेऊ," साहेब म्हणाले.

मोजणीच्या दिवशी सकाळी पेठेतली अठराच्या अठरा दारं गायब झाली होती.

रखमाजींनी स्वतः येऊन संपतरावांचे हात धरले. "लुटलो हो आमी! पोलीसबिलीस नको मला. ह्या कामाला तुमच्यासारखाच माणूस पाहिजे."

हे त्यांनी फार विचार करून म्हटलं असावं, असं मला वाटलं. पण मला पुष्कळ वाटतं. निम्म्याहून जास्त चुकतं.

आम्ही पेठेत गेलो. अठरा गोदामं दात पडलेल्या तोंडांसारखी ओळीनं उघडी होती. आत हळदीची पोती सुरक्षित. संपतरावांनी बिजागऱ्यांना भिंग लावलं.

"तेल! ताजं तेल! मास्तर, चोर मायाळू आहे. दारांना तकलीफ होऊ दिली नाही त्यानं."

"पण हळद न नेता दारंच का नेली असतील?"

"हळद काय, कुणीही नेतं. हा चोर दर्दी आहे."

शंकरसिंग नावाचे अडत्ये पोत्यावर बसून दात कोरत होते. एवढी मोठी चोरी झालेला माणूस इतका निवांत मी पाहिला नव्हता.

"रात्री काही आवाज आला?" संपतरावांनी विचारलं.

"न्हाई बुवा. गाढ झोपलो होतो."

"बाकीचे?"

"समदेच झोपले होते. तसं ठरलंच होतं."

"ठरलं होतं! ऐकलंत मास्तर? कुणीतरी सगळ्यांना गुंगीचं औषध दिलं!"

शंकरसिंगांनी काडी तोंडातून काढली, काहीतरी बोलायचा विचार केला आणि काडी पुन्हा तोंडात घातली.

दुपारपर्यंत संपतरावांचे दोन सिद्धान्त झाले. पहिला, वऱ्हाडातल्या टोळीनं दारं सरहद्दीपलीकडे नेली.

"पण करोडगिरीच्या नाक्यावर जकात घेणारे शिपाई असतात," मी म्हणालो. "त्यांच्यासमोरून दार नेलं कसं?"

"उघडं ठेवून," संपतराव म्हणाले.

दुसरा सिद्धान्त वाळवीचा. वाळवीनं एका रात्रीत अठरा दारं खाल्ली, आणि कड्याकोयंडेसुद्धा ठेवले नाहीत, यावरून ती वाळवी शिस्तीची असली पाहिजे. हा सिद्धान्त त्यांनी स्वतःच मागं घेतला, कारण वाळवीला पकडून साहेबांपुढं उभं करता आलं नसतं.

मग आम्ही रुळांपाशी आलो. तिथं ग्यानबाची आई शकुबाई शेरडं चारत होती आणि ग्यानबा भाकरी खात होता. मागं त्यांचं खोपट. खोपटाला दाराच्या जागी पोतं लावलेलं. संपतराव त्या पोत्याकडे बघतच राहिले.

"रात्री कुठं होतास?"

"घरी. शेवटची गाडी गेली की घरी जातो. फाटकच न्हाई, तर राखू काय?"

"साक्षीदार?"

"मी हाय की," शकुबाई म्हणाली. "रातभर घोरून राहिला होता. शेरडंबी झोपली न्हाईत."

"आईनं साक्ष दिली की संशय दुप्पट होतो," संपतराव माझ्या कानात म्हणाले, पण ते ऐकू गेलं सगळ्यांना. "आणि ज्याच्या घराला दार नाही, त्यालाच दाराचा मोह होणार!"

त्यांनी हे रखमाजींना सांगितलं. रखमाजींचा चेहरा इतका उजळला की मला आश्चर्य वाटलं. पाटलांच्या हुकमानं दोन माणसांनी ग्यानबाला भाकरीवरून उठवून चावडीत नेऊन बसवलं.

शकुबाई माझ्याकडे आली. "मास्तर, तुमी शिकलेले. ह्यांला सांगा काही. सांजच्या गाडीला माझं पोरगं झेंडी घेऊन हुभं न्हाई राहिलं, तर रेल्वेवाले त्याचं नाव कापतेत. लई खेटे घातले तवा लागली ही नोकरी."

मी "बघू" म्हणालो. बोलायचं खूप असलं की माझ्या तोंडून एवढंच येतं.

"तुमी बघत बसा," ती म्हणाली आणि शेरडं घेऊन निघाली.

साहेब चार वाजता आले. त्यांना रूळ ओलांडायची तकलीफ नको म्हणून रखमाजींनी अलीकडेच, स्टेशनाच्या मैदानात, रातोरात मंच उभारला होता. खाली पोत्यांच्या थप्प्या, त्यावर फळ्या, वर जाजम आणि लोड. इतका ऐसपैस मंच हिंगोलीत कुणाच्या लग्नातही झाला नसेल. घरात चोरी होऊनही पाहुणचारात कसूर नाही, याचं मला कौतुक वाटलं.

साहेबांनी हार घालून घेतला, मंचावरूनच पलीकडे पाहिलं आणि मोजलं. कारकुनाला म्हणाले, "लिखो. सिफर." कारकुनानं शून्य काढलं.

रखमाजी हात जोडून उठले. "दार न्हाई तर पट्टी न्हाई, हुकूमच तसा हाय. पण आमचा फाटकाला विरोध न्हाई, साहेब. रेल्वेनं जरूर बसवावं. नारळ आमी फोडू."

टाळ्या पडल्या. मग संपतराव उठले.

"फाटक म्हणजे काय? मोठं दार! रेल्वेला फाटक हवं, पण खिशात पैसे नाहीत. मग ती काय करील? दारंच पळवील! आणि रेल्वेचा हात कोण? ग्यानबा झेंडीवाला! त्याच्या खोपटाला दार नाही, हा माझा पुरावा!"

पुन्हा टाळ्या पडणार, तोच मंचाच्या कडेनं शकुबाई वर चढली. तिच्यामागं शेरडंही चढली, कारण ती तिच्यामागं कुठंही चढतात.

"साहेब, माझ्या खोपटाला दार न्हाई, हे खरं हाय," ती म्हणाली. "पोरानं अठरा चोरली असती, तर एक लावलं नसतं का?"

साहेब विचारात पडले. संपतरावांना मात्र ते पटलं नाही. फार सोपं होतं.

"ए म्हातारे, उतर खाली," रखमाजी ओरडले. "आन् ती शेरडं काढ आधी! जाजम भाड्याचं हाय!"

"न्हाई उतरत!" शकुबाईनं बसकण मारली. "पोरगं आणा माझं! त्याची गाडी येऊन राहिली! इथंच बसते, इथंच डोकं फोडते!" आणि तिनं मूठ वळून जाजमावर दाणकन हाणली.

जाजमाखालून खण्ण आवाज आला. तिनं पुन्हा हाणली. पुन्हा खण्ण.

"कौन है?" साहेबांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

सगळ्यांनी जाजमाकडे पाहिलं. कडी वाजल्याचा आवाज कुणाला ओळखू येत नाही?

"भुयार!" संपतराव किंचाळले. "मागं व्हा साहेब! खाली टोळी आहे!"

साहेबांच्या चपराशानं जाजमाचं टोक धरून ओढलं. खाली फळ्या नव्हत्या. सागवानी दारं होती. कड्याकोयंड्यांसकट आडवी घातलेली, काहींवर अजून शेंदरानं शुभ-लाभ लिहिलेलं. चोरी झालेल्या सगळ्यांच्या सगळ्या मालावर आम्ही तासभर लोडाला टेकून बसलो होतो.

"मी हेच म्हणत होतो," संपतराव म्हणाले.

"ये दरवाजे किसके हैं?" साहेबांनी विचारलं.

शंकरसिंग आभाळाकडे पाहू लागले. दुसरे एक अडत्ये म्हणाले, "माझं न्हाई." रखमाजी म्हणाले, "आमचं तर बिलकूल न्हाई."

"मग बेवारस," साहेब शांतपणे म्हणाले. "बेवारस माल सरकारजमा. उद्या लिलाव."

ऊन उतरायला लागलं होतं. रुळांपलीकडे अठरा गोदामं आ वासून उभी होती, आत अख्ख्या हंगामाची हळद, आणि रस्त्यानं जाणारे येणारे लोक मान वाकवून आत बघायला लागले होते. शंकरसिंगांना ते बघवेना.

"साहेब, ते पितळी फुलांचं दार… ते जरा माझ्या दारासारखं दिसून राहिलं."

"दारासारखं?"

"माझंच हाय, मायबाप. लिहा वीस रुपये."

मग एकच गलका झाला. हे माझं, ते माझं, त्याला हात लावू नको! एका चांगल्या शिसवी दारावर दोघांनी हक्क सांगितला. साहेबांनी दोघांचीही पट्टी लिहून घेतली आणि दाराचं तुम्ही आपसात बघा म्हणाले.

"पण दार ज्याचं त्यानं उचलायचं," साहेबांनी बजावलं. "हमाल लावला, तर दार हमालाचं समजू."

शेवटी रखमाजी उरले. त्यांच्या दारावर शकुबाई बसली होती.

"ऊठ शकुबाई."

"आधी ग्यानबा."

"चोरीच झाली न्हाई म्हणल्यावर त्याला कोण ठेवतंय? सोडतो की उद्या."

"मंग दारबी उद्या."

रखमाजींनी पेठेकडे पाहिलं, बुडणाऱ्या दिवसाकडे पाहिलं आणि चावडीकडे माणूस पळवला. ग्यानबा आला तो धावतच. खोपटातून झेंड्या घेतल्या आणि रुळांकडे सुटला. त्याला तिथं उभा राहिलेला पाहीपर्यंत शकुबाई उठली नाही. उठल्यावर लुगडं झटकून म्हणाली, "न्या."

जन्मभर ज्यांनी स्वतःचं पागोटंही दुसऱ्याकडून बांधून घेतलं, ते नव्या पेठेचे मालक त्या संध्याकाळी दारं वाहत होते. एका टोकाला मालक, दुसऱ्या टोकाला मुनीम. निम्मे पलीकडे पोचले असतील नसतील, तेवढ्यात शिट्टी झाली.

"थांबा!" ग्यानबा हात पसरून ओरडला.

रोज त्याच्या काखेखालून जाणारी माणसं थांबली. साहेब बघत होते, आणि सागवानी दार घेऊन काखेखालून जाताही येत नाही. ओझ्यानं सगळ्यांचे खांदे भरून आले होते. अलीकडच्यांनी दारं टेकवून उभी केली, एकाला एक लागून. पलीकडे पोचलेल्यांनीही दम खायला तसंच केलं. रुळांच्या दोन्ही बाजूंना दारांची सलग भिंत उभी राहिली, आणि मधून पूर्णेची गाडी कुठंही न थांबता, एकही शिट्टी जास्त न मारता, थेट स्टेशनात शिरली. हिंगोलीला असं फाटक आधी कधी नव्हतं.

"लिहा मास्तर," संपतराव माझ्या कोपराला धरून म्हणाले, "संपतरावांनी एका दिवसात…"

मी लिहिलं नाही. माझं भिंग शेरडांनी मंचाखाली लोटलं होतं, ते मी शोधत होतो.

गाडी गेली. धुराळा बसला. रखमाजींच्या पागोट्याचा शेव सुटून खांद्यावर आला होता आणि दार धरल्यामुळे त्यांना तो आवरता येत नव्हता.

"ग्यानबा," ते मवाळ आवाजात म्हणाले, "जाऊ का आता?"

ग्यानबानं रुळांवर लांबवर पाहिलं. झेंडी काही गुंडाळली नाही.

"थांबा मालक. मागून मालगाडी येऊन राहिली."