कॅप्टनची कवळी

आमच्या सेबल कोव्ह गावापासून पार राज्याच्या सीमेपर्यंत माझ्यासारखी जीभ दुसऱ्या कुणाची चालत नाही, हे मी अत्यंत नम्रपणे सांगतो! लिलाव पुकारणारा मर्ल टिबेट्स तो मीच. मी बोली पुकारायला लागलो की माणूस नुसतं नाक खाजवायला हात वर करतो आणि घरी जाताना त्याच्या गाडीत मोडकी झुलती खुर्ची असते. अशा कितीतरी खुर्च्या मी खपवल्यात!

फक्त एक गोष्ट मी चारचौघांत बोलत नाही. ही जीभ ज्या दातांच्या जोरावर चालते, ते दात म्हणजे कवळी आहे. वरची, अख्खी. लग्नानंतर थोड्याच वर्षांनी केलेली. मध्यंतरी ती तडकली, तेव्हा लॉबस्टरच्या पिंजऱ्याची तांब्याची तार वळवून मी ती घरीच सांधली. कॉफीनं आणि पाइपच्या धुरानं तिचा रंग आता जुन्या बुटासारखा झालाय. माझी बायको व्हर्ना दर नाताळला म्हणते, "मर्ल, नवी करून घे की रे!" मी म्हणतो, "चालतंय ना? मग!"

व्हर्ना कॅप्टन थॅक्सटर हाउसची मुख्य गाईड. देवमाशांच्या शिकारीला जाणाऱ्या त्या कॅप्टनचं घर आमच्या गावानं जसंच्या तसं जपलंय. त्याचा पलंग, त्याची दौत, त्याचा दाढीचा ब्रशसुद्धा! प्रत्येक खोलीच्या दारात मखमली दोरी. ती कुणी ओलांडायची नाही, आणि गाईडच्या घरच्यानं ओलांडली तर गाईडचा बिल्ला काढून घेतात. मुलं लांब लांब गेल्यापासून व्हर्नाचा सगळा जीव त्या बिल्ल्यात. झालरीची टोपी घालून ती लोकांना जिना दाखवते तेव्हा कॅप्टन तिचा सख्खा काकाच वाटतो.

त्या घराचं छत गळायला लागलं होतं. छताच्या दुरुस्तीसाठी शनिवारी समोरच्या हिरवळीवर मोठा लिलाव ठरला आणि पुकारायला अर्थातच मी, तोही फुकट! सोमवारी मी माळ्यावर गळतीखाली बादल्या लावायला गेलो. उतरताना दम लागला म्हणून कॅप्टनच्या खोलीपाशी थांबलो. पलंगावर खिडकीतून ऊन आलं होतं. उशी अशी फुगलेली! म्हटलं, पाचच मिनिटं. कोण बघतंय?

दोरी ओलांडली. झोपायच्या आधी कवळी काढायची सवय, शेजारच्या तिवईवर चिनी मातीचा पेला होताच, त्यात ठेवली. आणि जे घोरायला लागलो ते जिन्यावरच्या पावलांनी दचकून उठलो.

पावलं मिस व्हिटलॉकची. ही नुकतीच बॉस्टनहून आलेली तरुण पोरगी, घरातल्या जुन्या वस्तूंची अधिकारी. हातात पांढरे मोजे घालून प्रत्येक वस्तूच्या पाठीवर मुंगीएवढा नंबर घालत तिचा फेरा चालला होता. मी बूट हातात घेतले आणि मोलकरणींच्या चोरजिन्यानं सटकलो. अंगणात येऊन सुटकेचा श्वास सोडला तर तोंडातून नुसतीच हवा गेली. हात लावून पाहतो तो काय, तोंडाचं बोळकं!

तेवढ्यात वरून किंकाळी आली.

"मिसेस टिबेट्स! धावा! कॅप्टनचे दात सापडले!"

मी खिडकीखाली भिंतीला चिकटून उभा.

"ही तार बघा, ही तार! हे जहाजावरच्या सुताराचं काम! भर समुद्रात, वादळात जोडलेत हो हे दात!" मिस व्हिटलॉकचा आवाज भरून आला होता. "माझ्या आयुष्यातला पहिला शोध, मिसेस टिबेट्स!"

व्हर्नाची पावलं तिवईपाशी येऊन थांबली. मग म्हणाली, "असतील बाई. कॅप्टन काय, काहीही सोडून जायचा कुठेही."

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? दात माझे म्हणावं, तर ते पलंगाशेजारी आले कसे? म्हणजे व्हर्नाचा बिल्ला गेलाच! मी गळ्याभोवती मफलर गुंडाळला आणि गप्प बसायचं ठरवलं. मी! गप्प!

"घसा बसला का रे?" संध्याकाळी व्हर्नानं विचारलं. मी मान डोलावली. "बरं, बोलू नकोस मग," ती म्हणाली आणि जेवायला वाढलं. नशीब बघा, नेमके कुस्करलेले बटाटे! दुसऱ्या दिवशी शिंपल्यांचं दाट सूप, तिसऱ्या दिवशी भाताचं पुडिंग. आहे, देव आहे, असं मी मनात म्हणत होतो.

इकडे दातांची कीर्ती गावाबाहेर गेली. पेपरात फोटो आला. दिवाणखान्यात धोक्याची घंटा बसवलेली काचेची पेटी आली. विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष मिस्टर लॉरिंग यांनी, "या दातांनी आपल्या गावाची मान उंचावली आहे," असं भाषण केलं. मी पहिल्या रांगेत बसून तोंड मिटून टाळ्या वाजवल्या.

पण शनिवार जवळ येत होता. गुरुवारी मी तिकीट काढलं, टोपी डोळ्यांवर ओढली आणि घर बघायला आलेल्या पर्यटकांच्या घोळक्यात घुसलो. म्हटलं, संधी मिळाली की पेटी उचकटायची आणि दात तोंडात टाकायचे. तोंड कोण तपासणार!

"याच दातांनी कॅप्टननं दगडासारखी जहाजी बिस्किटं फोडली!" व्हर्ना छडीनं दाखवत होती. ओहायोच्या एक बाई डोळे पुसायला लागल्या. एक दाढीवाले गृहस्थ म्हणाले, "आजकालच्या माणसांत असला दम कुठला?" खरं सांगतो, क्षणभर मला माझाच अभिमान वाटला! त्याच भरात मी झाकणाला हात लावला आणि घंटेनं घर डोक्यावर घेतलं.

"अहो मिस्टर! दोरीच्या मागे व्हा!" माझी स्वतःची बायको माझ्या पोटात छडी टोचत ओरडली. "काही शिस्त आहे की नाही? चला, मागे!"

ओहायोच्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गुमान रस्ता धरला.

शनिवार उजाडला. हिरवळीवर मांडव, लॉबस्टर पावाची गाडी, लिंबू सरबत, आणि माणूस तर इतका लोटलेला की गाड्या पार चर्चपर्यंत लागल्या होत्या. ते सगळे दात पाहायलाच आले होते. मी मंचावर चढलो. पहिलीच वस्तू चर्चच्या बायकांनी हिवाळाभर खपून शिवलेली गोधडी. मी हातोडी उचलली, छाती भरून श्वास घेतला आणि पुकारा सुरू केला.

काय सांगू! शब्दच नाहीत. नुसती फुसफुस आणि पुढच्या रांगेवर तुषार. लोक आधी हसले, मग एकमेकांकडे बघायला लागले. कुणी किती बोली लावली तेही कुणाला कळेना. ती गोधडी शेवटी दोन लॉबस्टर पावांच्या भावात गेली. शिवणाऱ्या बायकांपैकी एकीनं तोंड फिरवलं, ते मला अजून आठवतं.

"मर्ल, चेष्टा पुरे!" मिस्टर लॉरिंग दात-ओठ खाऊन म्हणाले. त्यांना खायला होते तरी! "छत कोसळायची वेळ आलीय!"

दुसरी वस्तू त्याहून वाईट गेली. मागच्या रांगा उठून गाड्यांकडे निघाल्या. मला रडू येईल असं वाटायला लागलं. तेवढ्यात घरात घंटा घणघणली.

दारातून व्हर्ना बाहेर आली. झालरीची टोपी, हातात पांढरे मोजे, आणि ओंजळीत मखमली गादीवर कवळी! मागून मिस व्हिटलॉक धावत, "मिसेस टिबेट्स! ती संग्रहालयाची वस्तू आहे! खाली ठेवा!"

व्हर्ना थेट मंचावर आली. आपल्या छातीवरचा बिल्ला काढून तिनं मिस्टर लॉरिंगच्या हातात दिला आणि माझ्यापुढे गादी धरली.

"घाल," ती म्हणाली. "अख्खं गाव निघालंय घरी."

मी सरबताच्या ग्लासात कवळी बुचकळली आणि बसवली. टक्! सगळ्या मांडवात ऐकू गेलं. मिस व्हिटलॉकनं तोंडावर हात धरला. आणि मी पाच दिवसांचं तुंबलेलं सगळं एकदम सोडलं! गोधड्या गेल्या, खुर्च्या गेल्या, फुटकी वल्ही गेली! जाणारे लोक धावत परत आले. एक वार, दोन वार, तीन वार! संध्याकाळपर्यंत छताचे पैसे जमले आणि वर नव्या पन्हळीचीही सोय झाली.

मग मात्र सगळे माझ्याभोवती जमले. मी पलंगापासून सगळं कबूल केलं. मिस व्हिटलॉक बिचारी पायरीवर बसून रडत होती. मला फार वाईट वाटलं.

"पोरी," मी म्हटलं, "हाताचं काम आहे हे तू बरोबर ओळखलंस. तार मीच जोडलीय. आणि वादळही होतं, भर समुद्रात नसलं तरी घराबाहेर होतं."

ती रडता रडता हसली. मिस्टर लॉरिंगनी दोनदा खाकरून बिल्ला व्हर्नाला परत लावला. सगळ्या गावासमोर दुसरं करणार तरी काय होते!

गाडीत बसल्यावर मी व्हर्नाला विचारलं, "तुला कळलं तरी कधी?"

"सोमवारीच. ती तार मी रोज सकाळी बेसिनवर बघते, मर्ल."

"म्हणजे तू माझ्यासाठी..."

"पाच दिवस मऊ मऊ जेवण कुणासाठी करत होते मी? कॅप्टनसाठी?"

माझे डोळेच भरून आले. "मग घरी तरी बोलायचंस ना! सगळा आठवडा मी एकटा कुढत बसलो!"

व्हर्ना खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बोलणार होते रे. पण घर इतकं शांत होतं..."

तर आता परिस्थिती अशी आहे. कवळीवर नंबर पडलेला आहे, आणि एकदा नंबर पडला की ती वस्तू संग्रहातून काढायला मंडळाला वर्षं लागतात. म्हणून मिस व्हिटलॉकनं तोडगा काढला. दात संग्रहालयाचेच, फक्त वापरायला उसने. पण उसनी वस्तू जबाबदार माणसाच्याच ताब्यात देतात, तेव्हा माझं नाव कुणी विचारातही घेतलं नाही. दात व्हर्नाच्या ताब्यात आहेत. सकाळी नाश्त्याला मी जरा रंगात येऊन बोलायला लागलो की ती चहाचा कप खाली ठेवते, पांढरा हातमोजा चढवते आणि शांतपणे माझ्यापुढे हात पसरते.